दोन घरं खाली

नानांनी पेटीचा भाता दाबून बसवला, खटका लावला आणि पेटीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "बास. आता मला हे ऐकवत नाही."

कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात आमच्या महिला भजनी मंडळाची तालीम चालली होती. मध्ये अनूताई बसली होती. वरच्या सुराला जाताना तिचा आवाज पुन्हा फाटला होता, आणि आपल्याला ऐकूच आलं नाही असं सोंग कुणालाही करता येऊ नये इतका चांगला फाटला होता. मंदा शेलार ढोलकीची दोरी उगाचच ओढत बसली. बाकीच्या आम्ही मारुतीकडे बघू लागलो.

"अनसूयाबाई, राग मानू नका," नाना म्हणाले. "वय कुणाला चुकलंय? पण नवरात्रात स्पर्धा आहे. मुख्य गायिका बदलावी लागणार. आमची पल्लवी आहे."

पल्लवी म्हणजे नानांची सून. ती मागच्या खांबाला टेकून बसली होती. स्वतःचं नाव ऐकताच तिने पदर तोंडाला लावला. तिला स्टेजवर गायची धडकी भरायची, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. सासऱ्यांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "नाना, सूर थोडा खाली घेतला तर?"

"सूर म्हणजे मंडईतली मेथी आहे का, निकम वहिनी? खाली घ्या, वर घ्या. आपल्या मंडळाचा सूर काळी पाच. मंडळ निघालं त्या दिवसापासून काळी पाच."

भजनवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आम्ही आकड्यांनी ओळखतो. पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरला की ती काळी पाच, आणि बायकांच्या गळ्याला ती चांगलीच उंच. अनूताई तिशीत होती तेव्हा त्या सुरात अशी मोकळी फिरायची की पंपहाउसवर ड्यूटीला असलेली माणसं बाहेर येऊन उभी राहत. आता ती पंचावन्नच्या पुढे गेली होती.

मला वाटलं, अनूताई तरी माझी बाजू घेईल. ती माझ्यावरच उसळली.

"खाली? म्या खाली गायचं? अनसूयेचा आवाज उतरला, आसं लोकांनी म्हनावं म्हंतीस व्हय गं शालन?" मग तिने टाळ समोर ठेवले. "नाना, काळी पाचलाच गानार. आन् तितं आवाज फाटला तर ह्ये टाळ मारुतीच्या पायाशी. पुन्यांदा भजनाला बसनार न्हाई. झालं?"

ती बोलायची ते करायची. तिचे यजमान गुरवभाऊ उन्हाळ्यात रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून ती दोघं गावी जाणार होती. धरणाच्या या कॉलनीत तिने सारा जन्म काढला होता, आणि इथून जाताना मागे फाटका आवाज ठेवून जायचं तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

"मग पेटीला दुसरं कुणीतरी बघा," नाना म्हणाले आणि उठले. पेटी त्यांच्या मालकीची होती. ती उचलून तोऱ्यात निघून जायचा त्यांचा बेत असावा, पण पेटी जड होती. दुसऱ्या बाजूला पल्लवीला हात लावावा लागला. पायऱ्या उतरताना "जरा सावकाश, जरा सावकाश" असं ते म्हणत होते, त्यामुळे तोरा काही शेवटपर्यंत टिकला नाही.

आता माझं गुपित सांगते. तेव्हा मी गिटार शिकत होते.

आमच्या अभिजितने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गिटार घेतली आणि त्याच वर्षी त्याचे चार विषय राहिले. आमच्या ह्यांनी गिटार हॉस्टेलवरून आणून कपाटावर टाकली आणि पोराला अभ्यासाला बसवलं. आदल्या दिवाळीच्या साफसफाईला मी ती खाली घेतली, पुसता पुसता एक तार छेडली, आणि मग रोज दुपारी पुसू लागले. दुसऱ्या आठवड्यात बोटांना फोड आले म्हणून दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर फिलोमिना सावंतवाडीकडच्या. त्यांनी माझी बोटं उलटी करून बघितली आणि विचारलं, "घरात गिटार कुणाची आहे?"

मी म्हटलं, भाजलंय. त्या म्हणाल्या, चार बोटांची टोकंच तेवढी भाजणारा तवा त्यांनी अजून बघितला नाही.

त्या स्वतः लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेल्या. तेव्हापासून दुपारी दवाखान्याला लागूनच असलेल्या त्यांच्या क्वार्टरवर माझी शिकवणी सुरू झाली. मला वाटलं होतं, महिन्याभरात एखादं गाणं येईल. सिस्टरनी मला फक्त सरगम दिली, तीही एकाच साच्यात. सगळ्यात जाड तारेवर मधलं बोट, मग करंगळी. पुढच्या तारेवर पहिलं, मधलं, करंगळी. त्याच्या पुढच्या तारेवर पहिलं, तिसरं, करंगळी. सा ते सा. दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. वर जायचं, खाली यायचं. पुन्हा वर जायचं.

"गाणं कधी?" असं विचारलं की त्या चिडून मालवणीत शिरायच्या. "बोटां आधी, गाणा मागसून. घाई कित्याक तुका?"

मी भाजी चिरताना दोन-चार, एक-दोन-चार म्हणायची. लाटण्यावर वाजवायची. एकदा गाडीत ह्यांच्या दंडावर वाजवलं, तर ह्यांना वाटलं मी लाडात आलेय, आणि ते घरी पोचेपर्यंत खुशीत होते. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

नाना पेटी घेऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांकडे रडगाणं घेऊन बसले. म्हटलं, एवढा कसला हट्ट? खाली घेतला सूर तर पेटी काय मोडते?

सिस्टर म्हणाल्या, "तुझी सरगम वाजव." मी वाजवली. "आता तेच बोट दोन घरं खाली सरकव, आणि तेच वाजव." गिटारच्या दांड्यावर पितळी पट्ट्यांनी घरं पाडलेली असतात. मी सहाव्या घरावरून चौथ्यावर आले. दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. तीच सरगम, तीच बोटं, सूर मात्र खाली, काळी चारवर उतरलेला.

"इथं सगळी घरं सारखी," सिस्टर म्हणाल्या. "पेटीवर काळी पट्टी कुठे, पांढरी कुठे. एक सूर हलवलास की बोटांची सगळी वाट बदलते. ती नव्याने शिकावी लागते. सूर बदलायची यंत्रणा असलेली पेटी मिळते, पण ती त्यांच्याकडे नाही ना?"

"नाही. साधी आहे."

"मग मला एक सांग. त्यांना काळी पाच सोडून दुसऱ्या कुठल्या सुरात वाजवताना तू कधी ऐकलंस?"

मी आठवून बघितलं. आदल्या वर्षी पल्लवीची आई आली होती. तिला पांढरी एकला गायचं होतं, म्हणजे चांगलंच खाली. नाना म्हणाले होते की आज एक पट्टी अडकतेय. बाई बिचारी न गाताच परत गेली. दुसऱ्या दिवशी काकडआरतीला पट्टी सुटलेली होती. त्याआधी एकदा दमट हवा होती. एकदा भात्याला उंदीर लागला होता. वर्षानुवर्षं आम्ही त्या पेटीच्या तब्येतीची काळजी केली होती.

"म्हणजे नानांना एकच येतं," मी म्हटलं.

"असंच दिसतं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर बाकावर बसलेल्या खोकल्याच्या पेशंटने दारावर थाप मारून आपला नंबर कधी येणार म्हणून विचारलं. डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या, "हसतेस काय? तुला तरी दुसरं काय येतं?"

खरंच होतं. मलाही एकच येत होतं. पण माझं सरकत होतं.

स्पर्धेच्या नियमात एक स्वरवाद्य आणि एक तालवाद्य एवढंच म्हटलं होतं. मी मंडळाला सांगितलं की स्वरवाद्य माझ्याकडे आहे. गिटार बघितल्यावर बायका हसून हसून आडव्या झाल्या. कुणी म्हणालं आता डोळ्यांना काळा चष्मा लावूनच भजन म्हणू. आमच्या ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी कपाटावरची रिकामी जागा बघितली. मग म्हणाले, या घरात त्या वाद्यावर कुणीतरी पास होऊ दे.

अनूताई मात्र हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काळी पाच वाजती का ह्याच्यावर?"

"वाजते की," मी म्हटलं. ते खरंच होतं. सहाव्या घरावर वाजते. मी चौथ्यावर बोट ठेवलं.

गिटारवर काळं-पांढरं काही नसतं. सगळी घरं एकसारखी, त्यामुळे बघणाऱ्याला ओ की ठो कळत नाही. मंदाने माझ्या सा ला ढोलकी लावली. लावताना दोरी नेहमीपेक्षा सैल सोडावी लागली, तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मंदा मुळातच कमी बोलायची. तिने ढोलकी लावली आणि सुरू केलं.

अनूताईने अभंग उचलला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. वरच्या सुराची जागा आली तसे बायकांनी श्वास धरले. अनूताईने डोळे मिटले, मान थोडी वर केली आणि गेली. तिथं थांबली, एक वळण घेतलं, आणि सावकाश खाली आली. मी वरच्या सा च्या पलीकडचं काही वाजवू शकत नव्हते, तेव्हा मी तिथं नुसती मान डोलवली. माझ्या सगळ्या वादनात ती मान फार उपयोगी पडली.

गाणं संपल्यावर अनूताई आपल्या गळ्याला हात लावून बसून राहिली. "लागला गं," ती हळूच म्हणाली. "शालन, लागला की."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. मग वाटलं, सांगितलं तर ती याच क्षणी टाळ उचलून मारुतीपाशी जाईल. आणि सकाळी मी तिला ज्येष्ठमध, लवंग आणि सुंठेचा काढा पाजला होता.

"काढा," मी म्हटलं.

त्या काढ्याने पुढे माझ्या डोक्याला ताप केला. कोरसच्या बायकांनाही गाणं एकदम सोपं जाऊ लागलं होतं, त्यांनी पण काढा धरला. कॉलनीच्या दुकानातला ज्येष्ठमध संपला. मोठ्या साहेबांच्या मिसेसनी शिपायाबरोबर रिकामी बाटली पाठवली. पल्लवी मला पाण्याच्या टाकीपाशी भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, नानांनी मला पण चालू केलाय. अनूताईंचा आवाज काढ्याने सुटला तर तुझाही सुटेल म्हणाले. मला नको हो सुटायला." मी तिला सांगितलं की काढा रोज तुळशीला घाल. तिने घातला, आणि ती तुळस त्या वर्षी वाळली.

पाटणला स्पर्धेचा मांडव मोठा होता. आम्ही सगळ्या हिरव्या साड्या नेसून गेलो होतो. मांडी घालून बसले की रेशमी साडीवरून गिटार सरकायची, म्हणून सिस्टरनी दवाखान्यातल्या बँडेजची पट्टी बांधून ती माझ्या गळ्यात अडकवून दिली होती. निवेदकाने "स्वरवाद्य" म्हणून कागद बघितला, मग मला बघितलं, मग परत कागद बघितला, आणि "गिटार" असं म्हटलं. मांडवभर खसखस पिकली.

पहिल्या रांगेत नाना बसले होते. ते हाताची घडी घालून, आमची फजिती बघायलाच आले होते.

मी चौथ्या घरावर बोट ठेवलं आणि सा दिला.

नानांची घडी सुटली. त्यांनी मान वर केली, कान पुढे केला. गिटारकडे बघून कुणाला कळत नसलं तरी त्यांना बघायची गरज नव्हती. ज्याने काळी पाच सोडून आयुष्यात काही वाजवलं नाही, त्याला काळी पाच नसलेलं लगेच कळतं. आमचा गजर झाला, अभंग झाला. अनूताई सुरेख गायली. टाळ्या पडत होत्या तेव्हा नाना खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी परीक्षकांच्या टेबलाकडे तोंड वळवलं. सूर खाली लावला म्हणून काही गुण जाणार नव्हते, पण ते जे बोलले असते ते अनूताईच्या कानावर गेलं असतं. आणि मग ती पुढचा अभंग गायलीच नसती, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही.

माझा उजवा हात मोकळा होता. मी नानांकडे बघितलं, गोड हसले, आणि एका बोटाने हवेतच पेटीची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग पट्टी अडकली आहे, वर येत नाही, असं तोंड केलं.

नाना तसेच अर्धवट उभे राहिले. मी आणखी एकदा पट्टी दाबली. ते खाली बसले.

मी सुटकेचा श्वास घेते न घेते तोच अनूताई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता. माइक तिच्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हता, त्यामुळे ती जे म्हणाली ते साऱ्या मांडवाने ऐकलं.

"शालन, आज आवाज मोकळा हाय. येक पट्टी वर घे. पांढरी सात."

मांडवात कुजबुज झाली. काळी पाचच्या वर पांढरी सात, तीही या वयाच्या बाईने मागितलेली. एक परीक्षक पुढे सरसावून बसले. मंदाने ढोलकीवरून माझ्याकडे पाहिलं. मी निर्विकार चेहऱ्याने हात एक घर वर सरकवला, पाचव्यावर. खरी काळी पाच अजून एक घर लांब होती. दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. मंदाने दोन ठोके मारून ढोलकी चढवली.

माझी नजर नानांकडे गेली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी नानांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

अनूताई अशी गायली की मला वाजवता वाजवता रडू आलं. दोन जागी माझी करंगळी चुकली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले की गायन उत्तम, स्वरवाद्याची बाजू फारच लंगडी. परतीच्या टेंपोत अनूताईने पांढरी सातची गोष्ट इतक्यांदा सांगितली की घाट संपेस्तोवर ती ड्रायव्हरलाही पाठ झाली.

त्यानंतर एका दुपारी नाना माझ्या दारात आले. बरोबर पेटी नव्हती. मी त्यांना बसवलं, चहा टाकला.

"निकम वहिनी," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "तुम्ही ते पट्टीचं कुणाला बोललात?"

"कसलं पट्टीचं? तुम्ही ते सुराचं कुणाला बोललात?"

"कसलं सुराचं?"

तेवढ्यावर आमचं मिटलं. चहा झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले. ते लहान असताना गावातल्या पोस्टमास्तरांनी त्यांना पेटी शिकवायला घेतली होती. काळी पाच पक्की झाली, आणि मास्तरांची बदली झाली. पुढे कुणी विचारलं तर येत नाही म्हणायची लाज वाटली. मग लोकच त्यांना शिका म्हणेनात, शिकवा म्हणू लागले.

"अनसूयाबाईंचा आवाज चांगला होता हो," ते म्हणाले. "माझ्यापायी मी त्यांना म्हातारी ठरवत होतो." मग कोपऱ्यातल्या गिटारकडे बोट दाखवून म्हणाले, "ते सरकवता कसं, ते एकदा दाखवा."

मी सरकवून दाखवलं. ते बघत राहिले. "आमची पेटी सरकत नाही," असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

"मग बोटं सरकवा," मी म्हटलं.

हिवाळाभर सिस्टर फिलोमिनांच्या क्वार्टरवर दोन विद्यार्थी येत राहिले. सिस्टरनी चर्चमधून मागवलेल्या पेटीवर काळी चारची वाट नानांच्या बोटांना काही केल्या सापडेना. सवयीने ती परत काळी पाचवर धावत. नाना कपाळ पुसत, आणि सिस्टर त्यांनाही तेच सुनावत, की घाई कित्याक. पल्लवीला आम्ही सांगून ठेवलं होतं की नाना रक्तदाब तपासायला जातात. ते घरी येत तेव्हा तो खरंच वाढलेला असे.

मे महिन्यात गुरवभाऊ रिटायर झाले. निरोपाचं भजन मारुतीच्या देवळातच ठेवलं. सामानाचा ट्रक क्वार्टरपाशी लागला होता. अनूताई नवं लुगडं नेसून मध्ये बसली. एका बाजूला मी गिटार घेऊन, दुसऱ्या बाजूला नाना पेटी घेऊन. पेटी देवळात परत आली म्हणून तिला फार बरं वाटलं होतं.

"नाना, आज शेवटचंच," ती म्हणाली. "आपली काळी पाच द्या."

"काळी पाच," नाना खणखणीत आवाजात म्हणाले, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. मी चौथ्या घरावर बोट ठेवलं. नानांनी काळी चार दाबली. दोन्ही वाद्यं एकत्र बोलली, अगदी एका सुरात. मला नानांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्याकडे बघून हसले.

आणि तसंच हसू तोंडावर घेऊन थिजले. हिवाळाभर आम्ही सगळ्याचा विचार केला होता. एकाच गोष्टीचा केला नव्हता. गिटारची घरं कुणाला कळत नाहीत. पण पेटी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते, पट्ट्या काळ्या आणि पांढऱ्या, मोजता येणाऱ्या. आणि अनूताई त्या पेटीला गुडघा लावून वीस वर्षं बसली होती.

ती नानांच्या बोटाकडे बघत होती.

मग तिने माझ्या हाताकडे बघितलं. तो गिटारवर कुठल्या घरावर आहे, नवरात्रापासून तिथंच कसा आहे, हे सगळं तिला तिथल्या तिथे उलगडत गेलेलं मला दिसलं. पाटणचा मांडव, पांढरी सात, काढा, सगळंच. माझे कान तापले. नानांचे कान तर लालच झाले होते. तिच्या मांडीवर टाळ होते, आणि मारुती चार पावलांवर होता.

"काळी पाच ना, नाना?" तिने विचारलं.

नानांनी भाता हलवला. "काळी पाच," ते म्हणाले.

"व्हय गं शालन?"

"काळी पाचच," मी म्हटलं.

अनूताईने पुन्हा एकदा त्या पट्टीकडे बघितलं. नानांचं बोट पट्टीवरून हललं नव्हतं. तिने टाळ उचलले, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"मला बी तशीच दिसतीया," ती म्हणाली, आणि डोळे मिटून तिने सूर लावला.